शरणपूरच्या आफ्रिकी मुलांना मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या नाशिकच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी गावातल्या गावात इतिहासाची फेरी काढतो. काळाराम, गोराराम, सरकारवाडा, तिवंधा हे नेहमीचं झालं. यंदा शरणपूर घ्यायचं ठरवलंय. मुलांच्या हातात पानभर मजकूर द्यायचा आहे आणि तो लिहिताना मी एका शब्दाशी अडले आहे. इथे वाचणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ही वस्ती १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवली. त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांत भरून अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजांचं आरमार अशी गलबतं समुद्रात अडवायचं आणि सुटलेल्यांपैकी काहींना मुंबईत उतरवायचं. त्यातली बरीच मुलं पुढे नाशिकला आली. १८६० च्या दशकात इथे त्यांच्यासाठी 'आफ्रिकन असायलम' होतं. वाचन-लेखन, सुतारकाम, लोहारकाम असं शिक्षण मिळायचं.

१८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने इथले ९ जण सोबत नेले. नंतर १८७२ मध्ये त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकलाच शिकलेला. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन वारला. सुसी आणि चुमा या त्याच्या आफ्रिकी सोबत्यांच्या पुढाकाराने त्याचं हृदय तिथेच आफ्रिकेत पुरलं, त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग हे लोक मृतदेह घेऊन दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्याला आले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता. शरणपूरला शिकलेला मुलगा! नाशिकच्या किती मुलांना हे माहीत आहे?

आता माझा प्रश्न. इंग्रजी कागदांत या लोकांना 'नासिक बॉइज' म्हटलंय. पुढे त्यांच्यातले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन वस्तीत गेले, तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. जुन्या मराठीत अशा लोकांसाठी हबशी, सिद्दी, निग्रो असे शब्द सापडतात. आमचे एक सहकारी म्हणतात, 'निग्रो लिहा, मुलांना कळेल.' मला ते लिहवत नाहीये. कृष्णवर्णीय? काळे? आफ्रिकी? तुम्ही काय लिहाल, आणि का?

- माधवी

जुना_नाशिककर

माधवीताई, विषय फार चांगला घेतलात. आम्ही सत्तरीच्या पुढचे, रमाबाई विद्यालयासमोरून आयुष्य गेलं पण शरणपूरची ही गोष्ट आम्हाला शाळेत कोणी सांगितली नाही.

शब्दाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात 'निग्रो' होता. तो लिहिणाऱ्याच्या, शिकवणाऱ्याच्या, शिकणाऱ्याच्या, कोणाच्याच मनात तुच्छता नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं भाषण काढून पाहा, त्यात ते स्वतः आपल्या लोकांना हाच शब्द वापरतात, एकदा नव्हे अनेकदा. त्याच्याही आधी १९२८ मध्ये एका शाळकरी मुलाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या अमेरिकी विचारवंतांना पत्र लिहून 'निग्रो' शब्दाला हरकत घेतली होती. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं की नाव म्हणजे वस्तू नव्हे. नाव बदललं म्हणून अपमान थांबेल असं समजू नकोस. एवढा मोठा माणूस, स्वतः कृष्णवर्णीय, तो असं म्हणतो.

दर वीस-पंचवीस वर्षांनी शब्द बदलायचा आणि जुना वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं, याला अंत कुठे? वागणूक सुधारा, शब्द आपोआप सुधारेल.

परदेशी_नाशिककर

काका, ड्यू बॉइसच्या पत्राची आठवण काढलीत ते बरं केलंत. पण त्यांनीच त्या शब्दासाठी मोठी मोहीम केली होती हेही त्यासोबत सांगायला हवं. त्या काळी अमेरिकन वृत्तपत्रं 'निग्रो'चं पहिलं अक्षर लहान छापत. बाकी सगळ्या समाजांची नावं मोठ्या अक्षराने, हे मात्र लहान. ड्यू बॉइस आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला, तेव्हा १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मोठं अक्षर सुरू केलं. ज्यांना नावात काही नाही असं वाटतं, ते एका अक्षरासाठी इतकी वर्षं भांडत नाहीत.

मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे, हॉस्पिटलच्या हिशेब विभागात काम करते. आमच्या विभागातल्या एक बाई नुकत्याच निवृत्त झाल्या. त्यांनी एकदा पेन्शनच्या कागदांसाठी स्वतःचा जन्मदाखला आणला होता. वंशाच्या रकान्यात 'कलर्ड' टाइप केलेलं. त्यांच्या आईच्या चर्चच्या नोंदीत 'निग्रो'. त्या स्वतः कॉलेजात असताना 'ब्लॅक' म्हणायला लागल्या, आणि तेव्हा त्यांच्या आईला ते अजिबात आवडलं नाही, कारण आईच्या पिढीत 'ब्लॅक' ही शिवी होती. पुढे १९८८ मध्ये जेसी जॅक्सन आणि इतर नेत्यांनी 'आफ्रिकन अमेरिकन' पुढे आणला. त्या बाईंची नात आता पुन्हा 'ब्लॅक' लिहिते, मोठ्या 'बी'ने. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही ते मोठं अक्षर मान्य केलं. एका घरात चार शब्द. त्या बाई म्हणाल्या होत्या, 'पहिला कारकुनाने दिला, बाकीचे आम्ही आमचे घेतले.'

सरकारी बाजू यात सगळ्यात मागे. २०१० च्या जनगणनेच्या अर्जावरसुद्धा 'ब्लॅक, आफ्रिकन अमेरिकन किंवा निग्रो' असा एकच रकाना होता. जुन्या पिढीतले काही लोक अजून स्वतःला तसं म्हणतात, हे कारण दिलं जायचं. २०१३ मध्ये तो शब्द काढायचं ठरलं. आणि केंद्रीय कायद्यांतून 'निग्रो', 'ओरिएंटल' हे शब्द निघाले ते २०१६ मध्ये, ओबामांच्या सहीने.

माधवी, तुझ्या 'नासिक बॉइज'बद्दल एक सांगते. इथे दक्षिणेत पन्नास-साठ वर्षांच्या काळ्या माणसाला गोरा पोरगासुद्धा 'बॉय' म्हणून हाक मारायचा. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांचा संप झाला तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर एकच वाक्य होतं, 'मी माणूस आहे'. म्हणजे पुरता वाढलेला पुरुष आहे, पोरगा नाही. लिव्हिंग्स्टनबरोबर चालणारे लोक काही कायम मुलं राहिले नव्हते. 'नासिकची मुलं' असं भाषांतर करताना हे ध्यानात असू दे.

सातपूर_कामगार

जुना_नाशिककर सर, तुमच्या मनात तुच्छता नव्हती यावर माझा विश्वास आहे. पण तो मुद्दाच नाही.

'हरिजन' शब्दामागेही वाईट हेतू नव्हता. गांधीजींनी तो आदरानेच वापरला. तरी आमच्या माणसांनी तो नाकारला आणि तो नाकारण्यात नाशिक सगळ्यांच्या पुढे होतं. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायचा प्रस्ताव आला. त्याला उभं राहून विरोध केला तो आपल्या दादासाहेब गायकवाडांनी. ज्यांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० पासून पाच वर्षं चालवला, तेच दादासाहेब. बाबासाहेबही बोलले. बहुमताने प्रस्ताव रेटला गेला तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. एका शब्दासाठी! आम्हाला काय म्हणायचं ते आम्हाला विचारा, एवढीच मागणी होती. ती तेव्हा मान्य झाली नाही.

माझ्या घरातलं सांगतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली. गावात त्यांना हरिजन म्हणत. वडील १९७२ नंतरच्या वातावरणात वाढले. मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. वडील छाती काढून 'दलित' म्हणायचे. दबलेला असा अर्थ असूनही त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, कारण दाबणारा कोणीतरी आहे हे त्या शब्दातच येतं. मी स्वतःला बौद्ध म्हणतो. कागदोपत्री 'नवबौद्ध' लिहावं लागतं तेव्हा वडिलांना राग येतो. १९५६ ला दीक्षा झाली, तिसरी पिढी आली, तरी आम्ही अजून 'नव'?

आणि २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती खात्याने वाहिन्यांना कळवलं की 'दलित' वापरू नका, 'अनुसूचित जाती' म्हणा. तेव्हा आमच्या वस्तीत यावर दोन तट पडले. काहींना बरं वाटलं. वडिलांना वाटलं की आमचा आम्ही घेतलेला शब्दही आता वरून काढून घेतायत. मला दोन्ही बाजू समजतात. पण चर्चा आमच्या घरात झाली, आमच्या माणसांत झाली, हे महत्त्वाचं.

वंश आणि जात एक नाही हे मला कळतं. पण हे नातं मी आज जोडत नाहीये. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. योगायोग बघा, त्याच वर्षी जेकब वेनराइट आफ्रिकेत त्या झाडावर अक्षरं कोरत होता. आणि १९४६ ला बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत फार साम्य आहे म्हणून. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.

जुना_नाशिककर

दादासाहेबांचा १९३८ चा प्रसंग मला ठाऊक नव्हता. वाचून विचार केला.

माझा एक मुद्दा तरीही उरतो. आता तुम्हीच बाबासाहेबांचं पत्र सांगताना 'निग्रो' लिहिलंत, कारण त्यांनी तोच शब्द लिहिला. उद्या ही आठवीतली मुलं १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर उघडतील, जुनी मराठी मासिकं उघडतील. तिथे हे शब्द असणारच. त्यांना ते शब्द माहीतच नसले तर जुनं वाचणार कसं? शब्द पुसून टाकायला माझा विरोध आहे.

गोदाकाठ

काका, पुसायचं नाहीच. दुसऱ्याचं वाक्य देताना त्याचा शब्द तसाच, अवतरणात. मी माझ्या तोंडाने बोलताना माझा. मुलांना हा फरक शिकवता येतो, आठवीतली मुलं त्याला पुरेशी मोठी असतात. अडचण माझ्या तोंडच्या शब्दाचीच आहे.

निफाडचा_बागाईतदार

मी रोज वाचतो, लिहीत कमी. पण या विषयावर एक अनुभव आहे.

द्राक्षाच्या कामानिमित्त आमचा एक गट दक्षिण आफ्रिकेत हेक्स रिव्हर खोऱ्यात गेला होता. केप टाउनपासून दोनेक तासांवर, सगळीकडे द्राक्षबागा. तिथल्या पॅकहाउसची मुकादम एक बाई होती. घडाची काटछाट, मण्यांची विरळणी, सगळं तिच्या नजरेखाली. जेवणाच्या सुट्टीत आमच्यातल्या एकाने, जो आधी अमेरिकेत राहून आला होता, तिला 'ब्लॅक' म्हटलं, अगदी आदराने. ती शांतपणे म्हणाली, 'नाही, मी कलर्ड आहे.' आमचा माणूस गोंधळला, कारण अमेरिकेत तोच शब्द आता कोणी तोंडात घेत नाही. तिने समजावून सांगितलं. तिच्या पूर्वजांत तिथले मूळचे खोईखोई लोक, मलायातून आणि आपल्याकडून आणलेले गुलाम, युरोपीय, सगळे आहेत. १९५० च्या कायद्याने सरकारने प्रत्येकाला वंशाचा शिक्का मारला, त्यात हा शब्द त्यांच्यावर लादला. पण भाषा, गाणी, जेवण, मोहल्ले, सगळं त्या नावाखाली वाढलं. तिच्या भावाला तो शब्द नको आहे, तो स्वतःला फक्त ब्लॅक म्हणवतो. तिला हवा आहे.

म्हणून माझं म्हणणं, एकच शब्द सगळीकडे चालेल अशी यादी मिळणार नाही. माणूस कुठला आणि तो स्वतःला काय म्हणवतो ते बघावं.

आणखी एक. आपल्याकडच्या गजला-गाण्यांत 'काफिर' सहज येतो. तिथे त्याच मूळ शब्दाचं झालेलं रूप काळ्या माणसासाठी सगळ्यात घाण शिवी आहे. २०१८ मध्ये एका गोऱ्या बाईला त्यावरून तुरुंगवासाची शिक्षा झाली. आपल्याकडून जे पोरं तिकडे बागेच्या कामाला किंवा शिकायला जातात त्यांना हे आधी सांगा.

इंदिरानगरी

कागदावरच्या शब्दाइतकंच रस्त्यावरच्या शब्दाचं बघा. माझी बायको मणिपूरची. लग्न करून नाशिकला आली, मराठी शिकली, आता गंगापूर रोडला भाजी घेताना भाव माझ्यापेक्षा चांगला करते. तरी आठवड्यातून एकदा तरी मागून 'चिंकी' ऐकू येतं. नाहीतर 'नेपाळी'. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत सोसायटीच्या जिन्यात पोरं तिला बघून 'कोरोना, कोरोना' ओरडली. ती घरी येऊन काही बोलली नाही, दोन दिवस खाली उतरली नाही.

केंद्राच्या गृहखात्याने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या, अनुसूचित जमातीच्या माणसाला 'चिंकी' म्हणणं ॲट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतं. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुणाला केसांवरून चिडवून मारहाण झाली, त्यात तो गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती नेमली. कायदा कागदावर आहे. पण ज्या पोरांनी ओरडलं त्यांच्यापैकी एकाच्याही आईबापाने माझ्या बायकोशी येऊन दोन शब्द बोललेले नाहीत.

तिला विचारलं, तुला काय म्हटलेलं आवडेल. म्हणाली, मी मैतेई आहे, पण भाजीवाल्याने 'वहिनी' म्हटलं की पुरे.

माधवीताई, तुमच्या फेरीतल्या मुलांपर्यंत हेही पोचवता आलं तर बघा.

सुरगाण्याची_लेक

मी कोकणा आहे, सुरगाणा तालुक्यातली. नाशिकला नर्सिंगला आले तेव्हा होस्टेलवर जातीच्या दाखल्यावरचं 'कोकणा' वाचून मुली म्हणायच्या, 'अगं तू कोकणातली का, मग मासे खात असशील.' मग मी आदिवासी म्हटलं की चेहरा बदलायचा. 'तुम्ही जंगलात राहता का?' एक बाई शिकवताना आम्हाला 'वनवासी मुली' म्हणायच्या, प्रेमाने. मला ते टोचायचं. वनात राहणं हा आमचा पत्ता झाला, आमचा इतिहास नाही झाला. आदिवासी म्हटलं की आम्ही इथले आधीपासूनचे हे मान्य होतं. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी याच शब्दाचा आग्रह धरला होता. संविधानात 'अनुसूचित जमाती' आलं, पण ९ ऑगस्टला नाशिकमध्ये जी मिरवणूक निघते तिच्यात घोषणा 'आदिवासी' हीच असते.

तरी माझ्या आजीला विचारलंत तर ती आदिवासी पण म्हणणार नाही. ती म्हणते, आपण कोकणे. शेजारच्या पाड्यावर वारली, त्या पलीकडे महादेव कोळी, खाली काथोडी. तिच्या लेखी ही वेगवेगळी माणसं आहेत, वेगळी गाणी, वेगळे देव. 'आदिवासी' हे आम्ही एकत्र उभं राहायला घेतलेलं नाव आहे, ते महत्त्वाचंच आहे. पण त्याच्या आत आमची नावं आहेत.

म्हणून मला विचाराल तर 'आफ्रिकी' हासुद्धा मोठा गठ्ठा झाला. त्या मुलांचे समाज कोणते होते? ते सापडलं तर ते लिहा.

वाचनवेडा

वर 'हबशी'चा उल्लेख आला आहे म्हणून. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर तिथला, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आला आणि १६२६ ला वारला तेव्हा मोगलांना वर्षानुवर्षं अडवणारा सेनानी होता. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपण हबसाण म्हणायचो. त्या काळी हबशी हा शब्द सरदारालाही लागायचा. आज 'काळा हबशी' हे निव्वळ हिणवणं उरलं आहे, म्हणून तो माधवीताईंच्या कामाचा नाही. शिवाय शरणपूरची मुलं बहुतेक इथिओपियाची नव्हती, आणखी दक्षिणेकडची होती.

'सिद्दी'ही टाळावा असं मला वाटतं, पण कारण वेगळं. सिद्दी हे आज जिवंत समाजाचं स्वतःचं नाव आहे. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ भागात त्यांची गावं आहेत, २००३ मध्ये त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातेतही आहेत. त्यांचं नाव आपण शरणपूरच्या लोकांना चिकटवलं तर दोघांवरही अन्याय.

पंचवटी_कारंजा

'कृष्णवर्णीय' या शब्दाबद्दल बोलायचं आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द सभ्य म्हणून घेतला. मला तो पटत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या लोकांनी 'ब्लॅक' हा साधा, रोजचा, तोपर्यंत शिवीसारखा वापरलेला शब्द उचलला आणि काळं सुंदर आहे अशी घोषणा दिली. त्यांनी काही लॅटिन शब्द शोधला नाही. आपण मात्र त्याचं मराठी करताना 'काळा' म्हणायला घाबरतो आणि संस्कृतात शिरतो. का? कारण आपल्याच मनात काळं म्हणजे कमी असं बसलेलं आहे. स्थळांच्या जाहिरातीत गोरी, निमगोरी, गव्हाळ, फार तर सावळी. 'काळी' असं कोणी लिहीत नाही. ज्या गावात काळ्या पाषाणाच्या रामापुढे सगळे हात जोडतात, त्या गावात मुलगी काळी जन्मली तर बारशाला आलेल्या बायका आईचं सांत्वन करतात. मी हे माझ्या पुतणीच्या बारशाला पाहिलं आहे. पाळण्यापाशी उभं राहून एकीने सांगितलं, 'होईल हळूहळू उजळ, मसूर डाळ लावत जा.' बाळ बारा दिवसांचं.

म्हणून मी 'काळे' लिहा म्हणेन. निःसंकोच.

परदेशी_नाशिककर

तत्त्व म्हणून पूर्ण सहमत. पण मराठी वर्गात अजून 'काळ्या' ही हाक चिडवायला मारतात. शब्द परत घेण्याचं काम ज्याच्यावर तो फेकला गेला त्याने करायचं असतं. वर्गातल्या सावळ्या मुलाला तो पानभर मजकूर मोठ्याने वाचायला लावला आणि मागून कोणी हसलं, तर?

पंचवटी_कारंजा

हा विचार मी केला नव्हता असं नाही. पण ते हसू शब्द लपवून जाणार नाही, शिक्षकाने तिथल्या तिथे थांबून बोलावं लागेल.

सातपूर_कामगार

या लोकांना मुळात रंगाने ओळखायची गरज आहे का, हे आधी बघा. आपण प्राइससाहेबांबद्दल 'गोरे प्राइस' लिहीत नाही. अमेरिकेच्या लढ्यावर लिहिताना 'ब्लॅक' लागेल, कारण तिथे रंगावरूनच सगळं ठरत होतं आणि तो त्यांनी घेतलेला शब्द आहे. शरणपूरच्या गोष्टीत लोक कुठून आले हे सांगायचं आहे. ते सांगा.

गोदाकाठ

तुम्हा सगळ्यांमुळे गाठ सुटली. सुरगाण्याची_लेक, तुझा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडला. जेकब वेनराइट याओ समाजातला, चुमाही याओ. आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानिया या भागातला हा समाज. मजकुराचा मधला परिच्छेद असा केला आहे:

'१८६० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतून पळवून गुलाम केलेली आणि समुद्रात सोडवलेली अनेक मुलं शरणपूरला आली. त्यांच्यात याओ समाजातला जेकब वेनराइट होता. ही मुलं इथे शिकली, हातात कसब घेऊन मोठी झाली. इंग्रज त्यांना मोठेपणीही "नासिक बॉइज" म्हणत. जुन्या पुस्तकांत त्यांच्यासारख्यांसाठी "हबशी" आणि "निग्रो" हे शब्द आढळतात. हे शब्द दुसऱ्यांनी दिलेले आहेत. आज आपण ते स्वतः बोलताना वापरत नाही.'

'गुलाम मुलं' ऐवजी 'गुलाम केलेली' असं मुद्दाम लिहिलंय. कोणी जन्मतः गुलाम नव्हतं, कोणीतरी त्यांना केलं.

आणखी एक गोष्ट मला मुलांना दाखवायची आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या लिव्हिंग्स्टनच्या थडग्यावर कोरलंय की विश्वासू हातांनी त्याला भूमी आणि समुद्र ओलांडून इथे आणलं. हात आहेत, नावं नाहीत. मी मुलांना सांगणार आहे की तुमच्या वहीत त्या ओळीखाली नावं लिहा. सुसी, चुमा, जेकब वेनराइट, जेवढी सापडतील तेवढी.

जुना_नाशिककर

परिच्छेद चांगला झाला आहे. जुने शब्द ठेवलेत याचं समाधान. 'वापरत नाही' याच्यापुढे 'कारण' म्हणून एक वाक्य घाला. मुलं विचारतील आणि उत्तर पानावर असू द्या. दादासाहेबांचा १९३८ चा प्रसंग तिथे चपखल बसेल, आपल्या गावचाच आहे.

गोदाकाठ

घालते. शेवटचा परिच्छेद तोच करते.

परदेशी_नाशिककर

माधवी, एक पुरवणी. जेकबची हस्तलिखित रोजनिशी स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरच्या लिव्हिंग्स्टन संग्रहालयात आहे आणि आता ती ऑनलाइनही वाचायला मिळते. नाशिकला लिहायला शिकलेल्या माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. या आठवड्यात बसून काही पानं मराठीत करून पाठवते.

गोदाकाठ

नक्की पाठवा. आणि वाचताना एवढं बघाल का, तो स्वतःला आणि सोबत्यांना कोणत्या शब्दाने संबोधतो? जो शब्द सापडेल तो मी मजकुरात घालीन. छपाई त्यासाठी थांबवते.